पाठीचा धोंडा

पाव्हणं, पुलाच्या अलीकडं ती टपरी आहे ना, तिथं चहा घेऊन बसा आणि गुमान बघा. खांबऱ्याची गाडी पुलावर चढायला लागली, मग ती जीप असो नाहीतर कुणाची फटफटी, की टपरीवरची झाडून सगळी माणसं गर्रकन पाठ फिरवतात. चहावाला पातेल्याकडं तोंड करतो. म्हाताऱ्या पदर ओढून उसाकडं बघतात. गाडी पार पलीकडं गेली की परत वळून गप्पा सुरू. एकदा बदली होऊन आलेले नवे मास्तर आपल्या गावच्या जीपमधून पूल ओलांडून चालले होते. अख्ख्या टपरीनं पाठ दाखवली. मास्तर घामाघूम! आठ दिवस ज्याला-त्याला विचारत होते, "माझं काही चुकलं का हो?" आठ दिवस कुणी त्यांना काही सांगितलं नाही. एवढी मजा फुकटची कोण सोडणार?

पण त्यात रुसवा-फुगवा काही नाही. रिवाज आहे तो. आणि पुलाखाली ओढ्याच्या काठाला जो काळा धोंडा दिसतोय, मधे खोलगट, त्यात माणूस पाठ टेकून बसला तर बरोबर बसतो. पोट सुटलेल्यांचं सोडा. त्याला पाठीचा धोंडा म्हणतात. ती खळगी पाण्यानं पडलेली नाही. येसबा सुताराच्या पाठीनं पडली, असं सांगतात.

तेव्हा पूल नव्हता, नुसता उतार होता, गुडघाभर पाण्याचा. ओढ्याच्या अलीकडं खांबरे, पलीकडं पाव कोसावर मणेरपेठ. पेठ दुसऱ्या संस्थानात. खांबऱ्यात देवळं दोन आणि दुकान एकही नाही. मीठ पेठेत, तेल पेठेत, लुगडं पेठेत. दुखलं-खुपलं तर औषधही पेठेत. गावातली निम्मी तरणी माणसं तिथं मागावर कामाला. सकाळी एका गाडीत दाटीवाटीनं बसून जायची, दिवस मावळायच्या आत परत यायची. सीमा म्हणजे काय हे बैलांनासुद्धा माहीत नव्हतं.

मग पेठेच्या राजाला हत्ती हवासा वाटला. शेजारच्या राजाकडं होता म्हणे. हत्ती घ्यायचा तर पैसा पाहिजे. राजानं उताराच्या पलीकडं बांबू आडवा टाकला, त्याच्याजवळ अंताजी नावाचा नाकेदार बसवला आणि हुकूम काढला: परमुलखातल्या गाडीनं चाकपट्टी द्यायची. एका चाकाला एक पैसा, बाजारच्या दिवशी दोन. पेठेच्या गाड्यांना माफ. हत्तीला चाकं नसतात, पण त्याचा चारा आमच्या चाकांनी घालायचा!

वांगी घेऊन गेलेली बाई येताना मीठ, तेल, पोरांना शेव आणायची, ती आता रिकामी पाटी घेऊन यायला लागली. मागावरच्या पोरांची निम्मी मजुरी बांबूजवळच जिरायची. पेठेतले बांगडीवाले मणेरही वैतागले, गिऱ्हाईक आटलं म्हणून. पण राजाला कोण सांगणार? हत्ती वाटेत होता.

खांबऱ्यातल्या सगळ्या गाड्या येसबा सुतारानं बांधलेल्या. बुटका, रुंद, आणि स्वतःच्या डोक्यावर स्वतःच खूश असलेला माणूस. त्यानं नाक्यावर जाऊन अंताजीकडनं हुकूम तीनदा वाचून घेतला. हुकुमात होतं, 'चाक मातीला लागल्यास'. येसबा हसत घरी आला. आठ दिवसांत त्यानं गावातल्या सगळ्या गाड्यांच्या आखाची खीळ बदलली. नवी खीळ एका हाताच्या हिसक्यानं निघायची, आणि तिच्यामागं चाक.

पुढच्या बाजाराला गाव उतारावर आलं, बैल सोडले, चाकं काढून अलीकडंच उभी करून ठेवली, आणि चौघांनी एकेक गाडीचा साटा, म्हणजे वरची बैठक, पालखीसारखा खांद्यावर घेतला. पहिल्या साट्यात वांगी, वांग्यांवर येसबाची म्हातारी आई, तोंडात तंबाखू.

"पट्टी टाक, सुतारा," अंताजी म्हणाला.

"कशाची ओ?"

"चाकांची."

"दावा की चाकं. एकाला दोन देतो."

अंताजीनं खाली वाकून बघितलं. वरून म्हातारी पिंक टाकून म्हणाली, "काय सापडलं का रं लेकरा?" पेठेतली माणसंसुद्धा हसली. बांबू वर गेला.

महिनाभर खांबऱ्यात दुसरा विषय नव्हता. जाखाईच्या जत्रेत येसबाला फेटा बांधला. त्याची लेक चंद्रा, नुकतं लग्न झालेली, बापाच्या फेट्याकडं बघून तोंडाला पदर लावून हसत होती. फेट्यानं माणूस हातभर वाढतो. येसबानं भंडारा उचलला आणि सगळ्या गावाला उचलायला लावला. "आजपासनं खांबऱ्याचं चाक त्या राजाच्या मातीला लागायचं न्हाई. जाखाईची आण! ज्याचं लागंल त्याला गाव तोडील."

पट्टी होती दोन-चार पैशांची. ती चुकवायला चार माणसांचा दिवस मोडायचा, खांद्याला घट्टे पडायचे ते वेगळेच. पण हे कुणी मनात आणलं नाही. जिंकल्यासारखं वाटत होतं ना!

त्या पावसाळ्यात गुंडा कोष्ट्यानं आजारी आईला पेठेत नेलं. खांदा द्यायला कुणी आलं नाही, म्हणून गाडी चाकांवर हाकली आणि पट्टी भरली. उतारावर दहाजणांनी बघितलं. गावानं गुंडाला तोडला. विहिरीवर त्याच्या बायकोच्या घागरीला जागा राहिली नाही. त्याच्या गाडीची दोन्ही चाकं येसबानं स्वतः लाकूड तासायच्या वाकसानं फोडली. गुंडा बाजूला उभा राहून म्हणाला, "येसबा, तूच बनवली हुतीस रं." येसबानं हात थांबवला नाही.

वरीस झालं. चंद्रा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. गुरुवारी पहाटे पोटात कळा सुरू झाल्या आणि शुक्रवारची दुपार झाली तरी सुटका नाही. गावातली सुईण हात धुऊन म्हणाली, "पोर आडवं हाय. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. पेठेत अमीनाबी हाय, तिच्या हाताला यश हाय. पर आत्ता न्हे. आत्ता म्हंजी आत्ता."

येसबानं गाडीत कडबा पसरला, वर गोधडी, वर लेक. बायको उशाला बसली. बैल असे पळवले की उतारावर येईपर्यंत त्यांच्या तोंडाला फेस. भर दुपार होती. गावची चाळीसेक माणसं पेठेतनं परत येऊन पाय धूत काठावर बसलेली. कण्हणं पाण्याच्या आवाजावर ऐकू येत होतं.

पलीकडनं अंताजीनं ते ऐकलं. बांबू त्यानं आपणहून वर केला, उन्हातच उभा राहिला आणि हात करून ओरडला, "हाण येसबा! पट्टी-बिट्टी काही नको! हाण लवकर!"

रस्ता मोकळा होता. पैसा मागणारंही कुणी नव्हतं. येसबानं कासरा ओढला आणि काठाकडं बघितलं.

कुणी काही बोललं नाही. हीच तर गंमत. कुणी बोललं असतं तर येसबानं शिवी देऊन गाडी हाकली असती. चाळीस माणसं नुसती बघत होती. कुणी बैलाकडं नाही, चंद्राकडं नाही. चाकाकडं. पाटील तेवढा हळू आवाजात म्हणाला, "तुझं तू बघ बाबा. आण तुझीच हाय."

गर्दीच्या जरा लांब, एकटा गुंडा कोष्टी उभा होता. तो पुढं आला. "येसबा, हाण गाडी. म्या काय बघितलं न्हाई." आणि त्यानं ओढ्याकडं पाठ केली. चाळीस तोंडं आणि एक पाठ.

येसबाच्या डोळ्यांपुढं काय आलं ते कोण सांगणार? जाखाई आली असेल. फेटा आला असेल. गुंडाची फोडलेली चाकंही आली असतील. ती फोडणारा आज कुठल्या तोंडानं चाकावर जाईल? गाडीतनं चंद्राचा आवाज आला, लहानपणी मागायची तसा, "आबा, चाकावरच न्ह्या की ओ."

"आलंच बाळा. आलंच बघ," येसबा म्हणाला, आणि खाली वाकून त्यानं खीळ काढली. एका हिसक्यात निघाली. काम चोख होतं त्याचं.

चाकं काढेपर्यंत, चार खांदे ठरेपर्यंत, साटा उचलेपर्यंत ऊन सरकलं. आता मात्र खांदा द्यायला दहाजण धावले, पुण्याचं काम ना! पुढचे दोघे उंच, मागं येसबा बुटका. पाण्यात पाय घसरला की साटा कलायचा आणि चंद्रा किंचाळायची. पलीकडच्या चढावर तर दोनदा खाली ठेवावा लागला. अंताजी आपली छत्री उघडून तिच्या तोंडावर धरून बाजूनं चालत होता. "अरे, चाकं आणतो मी, जोडा," असं तो सगळी वाट म्हणत राहिला. पाव कोस, म्हणे, त्या दिवशी संपेचना.

अमीनाबीच्या दारात साटा टेकला तेव्हा कण्हणं थांबलं होतं. अमीनाबीनं पोटावर हात ठेवला, मग मनगट धरलं, मग गोधडी तोंडापर्यंत ओढली. आई आणि पोर, दोन्ही.

"कुठनं आणलीस?" तिनं विचारलं.

"खांबऱ्यासनं."

"एवढ्या जवळनं?" ती चौघांच्या खांद्यांकडं बघत म्हणाली. "गाडी मोडली होती का, बेटा?"

येसबा दारातनं वळला. तो चालत उतारावर आला. काढून ठेवलेली दोन्ही चाकं उचलली, एक एका खांद्यावर, दुसरं दुसऱ्या. पेठेत नेऊन त्यानं ती भर रस्त्यात जोडली आणि बैल मागवले. लेकीला चाकांवर घालून, राजाच्या मातीत ठसठशीत दोन रेघा ओढत तो परत आला. पाण्यात शिरताना काठावरच्या सगळ्यांनी त्याला बघितलं. आधी पाटलानं मान खाली घातली. मग एकेक करत चाळीसच्या चाळीस माणसं पाठ फिरवून उभी राहिली.

येसबानं गाडी मधोमध थांबवली.

"आत्ता फिरवताय व्हय रं?" एवढंच तो बोलला.

चंद्राला माती दिल्यावर तो घरी गेलाच नाही. काठावरच्या धोंड्याला टेकून, ओढ्याकडं पाठ करून बसला. ऊन, पाऊस, थंडी, तिथंच. मागं गाडीचा खडखडाट आला तरी मान वळवायची नाही. बायको भाकरी आणून द्यायची. गुंडा कोष्टी कधीकधी शेजारी येऊन बसायचा. अठरा वर्षं बसला म्हणे. दगड झिजला. माणूस उठला नाही.

देवीची आण मोडायचा विषय जत्रेत निघाला होता. गुरवानं सांगितलं, घेतलेली आण परत देता येत नाही. मग गावानंच तोड काढली. आण राहू दे. चाकं जाऊ देत. आपण बघायचं नाही. जे बघितलं नाही त्याचा दोष कुणावर ठेवणार? दुसऱ्या बाजारापासून गाड्या पट्टी भरून चाकांवर जायला लागल्या, आणि येसबासारखा काठावरचा प्रत्येकजण पाठ फिरवायला लागला. हत्ती, असं सांगतात, वर्षभरात मेला. चाकपट्टी राहिली.

पुढं संस्थानं गेली, राज्यं झाली, आणि राज्यांची हद्द नेमकी याच ओढ्यावर पडली. पूल झाला. परवापरवा पलीकडच्या राज्यानं बाहेरच्या गाड्यांना प्रवेश फी लावली. गाडीचा नंबर इकडचा दिसला की काढ पावती. तिकडच्या कारखान्यात रोज जाणारी पोरं आता फटफटी सोडून चालत निघतात, पाळी चुकली तर खाडा. बाजारला जीप भरून जाणाऱ्या बायका पिशव्यांपेक्षा पावत्याच जास्त आणतात. गाव चिडलं. सरपंचांनी जाखाईच्या देवळात सगळ्यांच्या हातात भंडारा दिला: फी रद्द होईपर्यंत खांबऱ्याची गाडी तिकडं जाणार नाही. आणि गेल्या मे महिन्यात पुलावर ठिय्या मांडला. चारशे माणसं, मधोमध, सतरंज्या टाकून.

दुपारी खांबऱ्याच्या वरच्या वाडीकडनं एक रिक्षा आली. हॉर्न वाजवत, थांबत नव्हती. आतनं बाई कण्हत होती. पुलावरच्या चारशे माणसांनी ते ऐकलं. मग रिवाजाप्रमाणं सगळे उठले आणि त्यांनी पाठ फिरवली.

फिरवली, आणि तिथंच उभे राहिले. सतरंजीवर, रस्त्याच्या मधोमध, खांद्याला खांदा लावून. हॉर्न वाजत होता. बघायचं तर नव्हतं, मग मागं जागा सोडायची आहे हे कळणार कसं? बऱ्याच वेळानं हॉर्न थांबला. रिक्षा वळल्याचा आवाज आला, तालुक्याच्या दवाखान्याच्या रस्त्याला, चाळीस किलोमीटरच्या.

रिक्षात कोण होतं, पोचली की नाही, हे खांबऱ्यात आजही कुणी सांगू शकत नाही. कुणी बघितलंच नव्हतं.