एकपाखी घरांची खडपेवाडी

वाडीतली घरं बघितलीत ना? सगळी एकपाखी. उतार एकाच बाजूला, आढं कुठल्याच घराला नाही. पाहुणे म्हणतात, गरिबी असेल. गरिबी नाही, भीती आहे.

पूर्वी या डोंगररांगेच्या माथ्यावरून दोन देशांची सरहद्द जायची. वर एक राजा, खाली कोकणात दुसरा. करार असा, की पाणी जिथं दोन वाटांनी फुटतं तिथं शीव. बाकी डोंगराला धार आहे, तिथं भांडण नव्हतं. इथं मात्र सडा, नुसतं सपाट कातळाचं पठार. दोन्हीकडचे मोजणीदार महिनाभर हिंडले म्हणे, आणि शेवटी भागूबाय सुईणीच्या ओसरीवर ताक पीत बसले. ती हौसेनं बोलून गेली, "एवढ्यासाठी फिरतास? माझ्या घराच्या फुडल्या पागोळ्यांचा पाणी देशार जाता, मागल्यांचा दर्याक."

त्यांनी तिला लुगडं दिलं आणि तिच्याच घरात, आढ्याखालून, दोर ताणला. परवान्याशिवाय ओलांडेल त्याचा पाय तोडायचा असा हुकूम झाला.

त्याच दुपारी मागच्या खोलीत तिच्या लेकीला, चंद्राला, कळा सुरू झाल्या. परवाना मिळायचा तो दोन दिवसांच्या वाटेवर. अलीकडच्या पहाऱ्यावर सटवा होता. त्याची नाळ भागूबायनंच कापलेली. "सटवा, माका चार पावलां जावक दी," म्हणत तिनं त्याचे पाय धरले. मेल्यानं तिचा अंबाडा मुठीत धरून तिला खांबाशी बसवून ठेवलं.

मूल आडवं होतं. भागूबाय अलीकडून सांगत राहिली, हात असा घाल, असा फिरव. आणि पलीकडे ती पोर एकटीच स्वतःच्या अंगावर ते करत राहिली. दिवस मावळायच्या आत आई आणि मूल दोघंही गेली. सटव्याला शाबासकी मिळाली असं सांगतात.

भागूबायनं कुऱ्हाडीनं आढ्याचा खांब तोडला आणि छप्पर स्वतःवर पाडून घेतलं. त्याआधी सटव्याला म्हणाली, "तुझ्या वंशाक लेकीची हाक आयकूक येतली, पण जावक मिळाचा नाय."

आजही वाडीत कुणी बाळंत होत असली, की सटव्याच्या घराण्यातल्या पुरुषांनी शिवेबाहेर या कातळावर येऊन बसायचं. सुटका होईपर्यंत उठायचं नाही, आणि बसलेल्याशी कुणी बोलायचं नाही. सटवा माझा खापरपणजा. माझ्या धाकट्या लेकीच्या बाळंतपणात मी दीड दिवस इथं बसलो होतो. ती बाबा, बाबा म्हणत होती. वाडीत जीप एकच, ती माझी. तिची हाक थांबली तेव्हा जीपची चावी माझ्या खिशात होती.