इस्त्रीचा सदरा

"आणि पोरगा कुठाय?" अमीनबाबांनी विचारलं.

हंबीररावांनी पिशवी पुढं सरकवली. "त्याचा सदरा आणलाय, बाबा."

टेकडीवरच्या त्या दर्ग्यात तशी रीतच होती. ज्याला चढण चढवत नाही, त्याच्या अंगावरचा कपडा घरची माणसं घेऊन येत. बाबा त्यावर फुंकर घालत. मग तोच कपडा परत नेऊन आजाऱ्याला घालत.

हंबीरराव बाबांचे जुने शिष्य. उरुसात संदलाचं, चंदनाच्या लेपाचं ताट डोक्यावर घ्यायचा मान त्यांच्याच घराला. आज मात्र ते भर दुपारी आले होते, पायऱ्यांवर कुणी नसताना.

सकाळपासून लोकांचं ऐकून बाबा थकले होते. त्यांनी सदरा बाहेर काढला. पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा.

"धुतलास?"

"मग? मळका कसा आणायचा तुमच्यापुढं?"

"मळका का होता?"

हंबीररावांनी दाराकडं बघून आवाज खाली आणला.

"संग्राम अंगातनं काढतच नव्हता तो... आंघोळ नाही, जेवण नाही. भिंतीकडं तोंड करून पडलेला असतो. परवा त्याच्या आईनं विहिरीच्या काठावरनं धरून आणला."

बाबांनी सदरा नाकाशी नेला.

"यात पोरगा नाही, हंबीर. नुसता साबण आहे."

बाबांनी सदरा मांडीवर ठेवला.

"तालुक्याला डॉक्टरीणबाई आहे ना, मनाचं बघणारी?"

"आहे. त्याची आई रोज तेच म्हणते. पण दर आठवड्याला न्यायचं, ती समोर बसवून बोलणार, गोळ्या देणार... थोरलीचं लग्न ठरत आलंय, बाबा. भाऊ वेड्याच्या दवाखान्यात जातो म्हटल्यावर तिला कोण करून घेईल? आणि बोलायचंच तर मी बोलतो की त्याच्याशी."

"काय बोलतोस?"

"ऊठ म्हणतो."

"उठतो?"

"...नाही."

बाबांनी डोळे चोळले.

"मी जातो तिच्याकडं. दर मंगळवारी."

हंबीररावांना वाटलं, बाबा चेष्टा करताहेत. "तुम्ही? तुम्हाला काय झालंय?"

"झोप गेली होती. नमाजाला उभा राहिलो तरी रडू यायचं. कशाचं, ते कळत नव्हतं."

"पण तिथं बाहेर माणसं बसलेली असतील. ओळखत असतील तुम्हाला."

"सगळे ओळखतात."

"काय म्हणतात?"

"म्हणतात, बाबा, बाकावर जरा सरका."

हंबीरराव हसले नाहीत.

"तुमचं वेगळं. फकीर माणूस तुम्ही. पोरीचं लग्न नाही, भावकी नाही. मला तेवढी फुंकर घालून द्या, मी निघतो."

बाबांनी सदऱ्याची घडी मोडली आणि कफनीवरच तो चढवला. बाह्या बोटांच्या खाली लोंबल्या. मग ते चटईवर आडवे झाले. भिंतीकडं तोंड करून.

"बाबा?"

"बाबा, उठा. कुणीतरी बघेल."

बाबा हलले नाहीत.

खालच्या पायऱ्यांवर काठी वाजली. कुणीतरी चढून येत होतं. हंबीररावांनी तिकडं बघितलं, मग चटईकडं.

"उठा म्हणतो ना मी."

पाठ तशीच होती. रोज घरात दिसायची तशी. त्याच सदऱ्यातली.

काठी जवळ येत राहिली.

हंबीरराव उठले. उंबऱ्याबाहेर जाऊन त्यांनी पायात चपला सरकवल्या. तिथं थोडा वेळ उभे राहिले... मग चपला काढून परत आले आणि चटईच्या कडेला बसले. गुडघे दुखले असावेत, कारण बसायला त्यांना वेळ लागला.

त्यांनी त्या पाठीवर हात ठेवला.

"काय होतंय रे तुला?" ते म्हणाले.

एक म्हातारी धापा टाकत दारात येऊन उभी राहिली. आत बघतच राहिली. तिनं हंबीररावांना ओळखलं होतं, ते तिच्या तोंडावरून कळत होतं. हंबीररावांनीही तिला बघितलं.

त्यांनी हात काढला नाही.

बऱ्याच वेळानं बाबा उठून बसले. म्हातारीला त्यांनी हातानं पाण्याचा माठ दाखवला. मग सदरा काढला. तो पार चुरगळला होता. पाठीवर घामाचा डाग पडला होता.

घडी न घालताच बाबांनी तो पिशवीत कोंबला आणि पिशवी हंबीररावांच्या हातात दिली.

"फुंकर राहिली, बाबा," हंबीरराव हळूच म्हणाले.

बाबा भिंतीला टेकले. डोळे मिटले.

"मंगळवारी दोघं या. मी बाकावर सरकून बसेन."