कादंबरीचा शेवट

मच्छिंद्र गेला आणि त्याची कादंबरी मागे राहिली. सातवीत शाळा सोडलेला धाकटा गोरख ती घेऊन प्रकाशकांचे उंबरे झिजवू लागला. तिघांकडून ती ‘साभार परत’ आली. चौथे राजोपाध्ये. दोन महिने हेलपाटे घालायला लावून त्यांनी बाड पुढे सरकवलं.

“शब्दन्‌शब्द वाचला. भाषा बरी आहे, पण शेवट फसलाय. भावाला म्हणावं, शेवट बदल.”

गोरख भडकला. “साहेब, दादा वारला. शेवट लिहायचा राहूनच गेला. पहिल्याच पानावर मी तसं लिहिलंय. दादा सतराव्या प्रकरणापर्यंत पोचला होता. तुम्ही कुठवर पोचलात?”

राजोपाध्यांनी बाड जवळ ओढलं. गोरखने दोन महिन्यांपूर्वी स्वतः मारलेली गाठ सोडवायला त्यांना बराच वेळ लागला.