चंद्रपूरची पोरगी बर्फावर

हे कुणालाही सांगायचं नाही, असं केतकीताईने मला बजावलंय, कारण निकाल अजून जाहीर व्हायचा आहे. माझी ही थोरली बहीण वितळणाऱ्या बर्फाचा अभ्यास करते. नवख्या संशोधकांना अंटार्क्टिकावर नेणाऱ्या फेलोशिपसाठी तिची मुलाखत होती. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटचीच संधी.

समितीचे अध्यक्ष देवस्थळी सर तिकडे अनेकदा जाऊन आलेले. मुलाखतीलाही ते मोहिमेचं जाकीट घालूनच बसले होते. ताईचा अर्ज पाहून ते हसले.

“चंद्रपूरच्या का तुम्ही? म्हणजे खिशात कांदा ठेवून उन्हात फिरणारी माणसं! अहो बाई, तुम्हाला थंडी काय कळणार? तुम्हाला तिथे पाठवून उपयोग काय?”

बाकीचेही हसले. ताई शांतपणे म्हणाली, “सर, थंडीचा त्या बर्फाला काहीच त्रास नाही. आता त्याच्याकडे उन्हाळा येऊन बसलाय, आणि तो तर आमच्याच गावचा!”

देवस्थळी सरांनी जाकिटाची चेन उघडली आणि हळूच विचारलं, “तुम्हाला बूट कितव्या नंबरचे लागतात?”

ताईने नंबर सांगितला आणि बाहेर येऊन आधी मला... आले गं ताई! नाही, कुणालाच सांगत नाहीये, मी फक्त