उत्पलेच्या चुलीचा दगड

ज्या सकाळी बातमी आली, त्या सकाळी शैलक अंगणात बसून चमरी गाईच्या केसांची दोरी वळत होता. कूर्मपुरात त्या काळी भूरिसेन राजा राज्य करीत होता. बोधिसत्त्वाने उत्तरेकडच्या डोंगरात, भोजपत्राची झाडेही जिथे वाढायची थांबतात तिथल्या एका वस्तीत, सरोवराच्या राखणदाराच्या घरी जन्म घेतला होता. शैलक तो हाच. पन्नाशी जवळ आलेली, बोलणे बेताचे. त्याची बायको उत्पला हिवाळ्यात गेली होती.

वस्तीपासून अर्ध्या दिवसाच्या चढणीवर ते सरोवर होते. त्याला निळसर म्हणत. सकाळी त्याचे पाणी काचेसारखे असे. दुपारी वरच्या बर्फाच्या नदीतून दगडांची भुकटी उतरे आणि तेच पाणी दुधाळ होई. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले हंस उन्हाळ्यात तिथल्या बेटावर अंडी घालत. तांबूस चक्रवाक येत, निळ्या रानमेंढ्या खडकावरून पाणी प्यायला उतरत. शैलकाचा आजा सांगे की त्याच्या आजाच्या वेळी तिथे सरोवर नव्हतेच. बर्फाची नदीच पांढऱ्या खडकापर्यंत आलेली होती. हाताने पीठ पुढे लोटावे तशी तिने दगडमाती पुढे लोटली, मग ती मागे हटली. त्या दगडमातीचा बांध झाला आणि मागच्या खळग्यात पाणी साठले.

भूरिसेनाचा पणजा एकदा शिकारीला म्हणून वर आला होता. ते पाणी पाहून त्याने धनुष्याची दोरी उतरवली आणि पांढऱ्या खडकावर कोरून घेतले, ‘इथे बाण नाही, जाळे नाही, कुऱ्हाड नाही, कुदळ नाही.’ शैलकाचे घराणे तेव्हापासून राखणदार होते.

वस्तीची एक रीत होती. घरातले माणूस गेले की त्याच्या चुलीच्या तीन दगडांपैकी एक काढायचा आणि पुढच्या उन्हाळ्यात, सरोवरावरचा बर्फ फुटला की, बांधाच्या माथ्यावर नेऊन ओळीत ठेवायचा. काजळीची काळी बाजू वर, म्हणजे गेलेल्या माणसाला उन्हाची ऊब मिळते. ओळ सरळ राहावी म्हणून राखणदार दोरी ताणून जागा दाखवी. शैलक वळत होता ती दोरी याचसाठी होती. या वर्षी एकच दगड जायचा होता, आणि तो अजून त्याच्याच चुलीत होता.

उत्पला जाताना म्हणाली होती, “मला पाण्याजवळ ठेवा. हंसांच्या बाजूला.” त्याने हो म्हटले होते.

दोरी संपत आली तेवढ्यात पिंगळा म्हातारी मिठाच्या बाजारातून परतली. शेळ्यांच्या पाठीवरची मिठाची पोती तशीच ठेवून ती अंगणात येऊन बसली.

“वळतोयस? वळ. आता दोरीचं काम नाही उरलं. राजा येतोय तुझं तळं फोडायला.”

“कोण म्हणतं, काकी?”

“अख्खा बाजार म्हणतो. नगरात त्यानं तलाव बांधलाय, राज्याभिषेकाच्या उत्सवाला. संगमरवरी पायऱ्या, कमळं, सगळं आहे. पाणी नाही. पाऊस यायच्या आत भरायचाय म्हणे.” ती दम खाऊन म्हणाली, “दोनशे खणणारे आणतोय. तुझ्या पणज्याला दिलेलं वचन त्याच्या तलावाच्या तळाशी जाईल बघ.”

शैलकाने दोरीची गाठ मारली आणि दुसऱ्या दिवशी तो एकटा वर गेला.

त्याने बांधाच्या दोन टोकांच्या खडकांना दोरी बांधून ताणली. टोकांना ओळीतले दगड दोरीला टेकले होते. मधोमध मात्र दोरी आणि दगड यांत कोपरभर अंतर होते. ही खोलगट जागा सगळ्यांना माहीत होती. वस्तीत तिला ‘म्हाताऱ्यांची बैठक’ म्हणत. पूर्वज उभे राहून दमले आणि तिथे बसले, अशी समजूत होती. पण बापाच्या वेळी ती चार बोटे खोल होती, हे शैलकाला पक्के आठवत होते.

त्याने एक दगड उचलला. आजवर कोणी उचलला नव्हता. खाली माती ओली होती. त्याने हात घातला तर मनगटाशी ती संपली आणि बोटांना बर्फ लागला, जुना आणि काचेसारखा कठीण. दगडाच्या आकाराची खळगी त्यात पडली होती. मग त्याने ओळीबाहेरचा एक साधा करडा दगड उचलून पाहिला. त्याखालची माती कोरडी होती, खळगी नव्हती. तो पुन्हा काळ्या दगडांकडे आला. एक, दुसरा, तिसरा. प्रत्येकाखाली खळगी होती आणि प्रत्येक खळगीत पाणी होते.

मग त्याच्या ध्यानात आले. बर्फाची नदी मागे हटताना आपला एक तुकडा बांधाच्या पोटात विसरून गेली होती. गेलेल्यांना ऊब मिळावी म्हणून वस्तीने काळी बाजू वर ठेवली होती, आणि तीच ऊब वर्षानुवर्षे खाली झिरपून बांध पोखरत होती. आता त्याच जागी कुदळ पडली तर पाणी धारेने जाणार नव्हते. ते सगळे एकदम जाणार होते.

खाली येऊन त्याने वस्तीत हे सांगितले. मग पिंगळा म्हणाली, “बायकोचा दगड चुलीतून निघत नाही तुझ्यानं, म्हणून आमच्या मेलेल्यांवर आळ घेतोस होय?”

तिचे म्हणणे अर्धे खरे होते.

पाचव्या दिवशी राजा आला. बरोबर दारुक नावाचा स्थपती होता. दारुकाने बांधावर एक फेरी मारली आणि बैठकीपाशी थांबून काठी टेकवली. “इथून. सगळ्यात खोल जागा आहे, निम्मे काम आधीच झालेले आहे.”

खणणारे पुढे सरकले. शैलक चालत गेला आणि त्या खोलगट जागेत मांडी घालून बसला.

“कोण हा?” राजाने विचारले.

“राखणदार,” शैलक म्हणाला. “आपल्या पणजोबांनी नेमलेला.”

“मग आता मी तुला मोकळा करतो. खाली नदीकाठी जमीन देतो, ज्वारी पिकेल अशी. ऊठ.”

“नाही महाराज.”

वस्तीतली माणसे मागे उभी होती. राजाला ‘नाही’ म्हटलेले त्यांनी कधी ऐकले नव्हते.

“तो लेख माझ्या पणजोबांचा आहे. तो मोडायचा अधिकार मला आहे.”

“आहे. लेख मोडा, मी अडवणार नाही. माझी मानही कापा, तोही अधिकार आपल्याला आहे. पण या मातीच्या पोटात बर्फ आहे आणि त्याला आपला अधिकार ठाऊक नाही. कुदळ इथे पडणार नाही.”

दारुक हसला. “मातीत बर्फ! आणि असला तर बरेच की. माती खणण्यापेक्षा बर्फ फोडणे सोपे.”

“तेच म्हणतो मी,” शैलक म्हणाला. “फार सोपे आहे.”

दारुकाचे हसू थांबले, पण त्याने काठी काढली नाही. राजाचा हात तलवारीच्या मुठीवर गेला. शैलक जागचा हलला नाही. त्याने फक्त शेजारचा एक दगड बाजूला केला.

“मला मारायच्या आधी आपण इथे हात घालून बघावा. स्थपतींनी नको, आपण. उत्सव आपला आहे.”

राजा गर्विष्ठ होता, आणि भित्रा म्हणवून घेणे त्याला सोसले नसते. त्याने अंगठ्या काढल्या, गुडघे टेकले आणि खळगीच्या तळाच्या बर्फापर्यंत हात आत घातला. तो तसाच थांबला. मग त्याने कान मातीला लावला. आत, खोल, पाणी चालले होते. घरात कोणी हळू आवाजात बोलत असावे तसे.

हात बाहेर काढला तेव्हा तो लाल झाला होता. “हे फुटले तर खाली काय आहे?”

“आधी आमची वस्ती. मग नदीकाठची अकरा गावे. नंतर कूर्मपूर. आपला तलाव नक्की भरेल महाराज, पण त्याच्या पायऱ्यांवर कोणी नसेल.”

राजा उठून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर कृतज्ञतेची खूण नव्हती, संताप होता. “उत्सवाला कोरडा तलाव! सगळे मांडलिक राजे हसतील मला.”

“हसू द्या,” शैलक म्हणाला. “हसायला जिवंत तरी असतील.”

मागून कोणीतरी खुदकन हसले. ती पिंगळा होती. मग ती पुढे आली, बैठकीत उतरली आणि शैलकाच्या शेजारी बसली. एकेक करून बाकीचेही उतरू लागले. शैलक चटकन उठला. “अरे, बर्फावर वजन नका टाकू! कडेला बसा, कडेला!” तेव्हा खणणारेही हसले, आणि त्यातल्या दोघा-तिघांनी कुदळी खाली ठेवल्या.

राजा खणणाऱ्यांना घेऊन डोंगर उतरला. शैलकाला त्याने काही दिले नाही की शिक्षाही केली नाही. त्या वर्षी कूर्मपूरचा तलाव कोरडा राहिला आणि मांडलिक राजे खरेच हसले.

पण वरचे काम संपले नव्हते. काळे दगड काढायला हवे होते. लोक एकमेकांकडे बघत उभे राहिले. पिंगळेने आपल्या नवऱ्याचा दगड शोधला, झोळीत बांधला आणि पाठीवर घेतला. “जिवंतपणी काही कमी ओझं नव्हतं याचं,” असे म्हणत ती उतरू लागली. मग सगळेच वाकले. पुढे सारा उन्हाळा शैलक रोज वर जाई आणि दिवसाला दोन दगड खाली आणी. ज्यांच्या घरात कोणी उरले नव्हते त्यांचेही आणी. वस्तीबाहेरच्या कुरणात त्याने नवी ओळ लावली. ऊन बर्फापर्यंत पोचू नये म्हणून बैठकीवर त्याने करड्या मातीचा जाड थर अंथरला. पुढे कित्येक वर्षांनी दोरी ताणली तेव्हा अंतर थर टाकला त्या दिवशी होते तेवढेच होते, वाढले नव्हते. हंस येत राहिले.

विहारात ही कथा सांगून झाल्यावर शास्ते, म्हणजे सर्वांचे गुरू भगवान, समोर बसलेल्यांना म्हणाले, “तेव्हाचा भूरिसेन राजा म्हणजे आपल्याला हा विहार देणारा श्रेष्ठी सुजंघ. स्थपती दारुक म्हणजे भिंत कुठे असावी यावरून कालपर्यंत भांडणारा भिक्षू कोटर. पिंगळा म्हणजे दाराशी बसलेली ही वृद्ध भिक्षुणी, हिची जीभ अजून तशीच आहे. आणि राखणदार मी होतो. राजापुढे हलायचे नाही हे एक, आणि आपल्या माणसांची चूक आपल्याच माणसांना सांगताना हलायचे नाही हे दुसरे. या दोन्हींना मिळून अधिष्ठान पारमिता, म्हणजे अढळ निर्धार, म्हणतात.”

मागच्या ओळीत एक बाई होती. तिच्या घरी त्याच महिन्यात मरण झाले होते. तिने विचारले, “आणि उत्पला? ती आज कोण आहे?”

शास्ते म्हणाले, “कुरणातल्या ओळीत तिचा दगड ठेव, असे सगळ्यांनी सांगितले. पण कुरणातून पाणी दिसत नव्हते. शैलक त्या चुलीवरच रांधत राहिला. तिचा दगड सरोवरापाशी न्यायचा राहून गेला.”