लाल दोऱ्याच्या गाठी

चार दिवस एका काळजीने माझी झोप उडवली होती. शासनाच्या नव्या मूल्यशिक्षण वहीत माझ्या लेकीने, केतकीने, रोज एक सत्कृत्य लिहायचं होतं. उद्या ती वही तपासायला अधिकारी येणार, आणि सोमवारची ओळ कोरी. शेवटी तिच्यासारखं गिचमिड अक्षर काढून मीच पेन्सिलीने लिहिलं, ‘आजीला पाणी दिले.’ मग तिला जवळ घेऊन गोष्ट सांगायला बसले. उपदेश मला शोभत नाही. गोष्ट त्यातल्या त्यात जमते.

पूर्वी उत्पलनगरात सुव्रत राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या पाठशाळांचे निरीक्षक होते. मुले सदाचारी व्हावीत म्हणून राजाने आज्ञा केली, की प्रत्येक सत्कृत्यामागे मुलाच्या मनगटावरच्या लाल दोऱ्याला एक गाठ मारावी. एकही मनगट बिनगाठीचे दिसले, तर ती पाठशाळा बंद.

गाठी भराभर वाढल्या. फिरता फिरता बोधिसत्त्व एका आंधळ्या म्हातारीपाशी थांबले.

“मुले मदत करतात ना, आजी?”

“करतात की! माझी काठी दिवसातून चारदा हरवते आणि चारदा सापडते. पूर्वी मेली कधी हरवतच नव्हती.”

जवळच्या पाठशाळेत एका मुलीच्या दोऱ्याला गाठ नव्हती. “मी काहीच चांगलं केलं नाही,” ती म्हणाली.

गुरुजी कुजबुजले, “मारून टाका एक गाठ, आर्य. शाळा वाचेल. कोणाला कळतंय?”

बोधिसत्त्वांनी गाठ मारली नाही. ते राजाकडे गेले आणि गाठींची आज्ञा मागे घ्या म्हणाले.

“मग मुलांना नीती शिकवूच नये की काय?” राजा संतापला. “पद जाईल तुमचे!”

“जाऊ द्या. नीती शिकवावीच, महाराज. फक्त एक दिवस हा दोरा आपण बांधून पाहा.”

दुपारपर्यंत राजाच्या दोऱ्याला एकवीस गाठी पडल्या. बाविसाव्या वेळी समोर तीच म्हातारी आली, रिकाम्या हातांनी चाचपडत. राजाने काठी शोधली. ती प्रधानाच्या पाठीमागे होती. महाराजांना सापडावी म्हणून त्यानेच लपवली होती.

राजाने दोरा तोडला. शाळा चालू राहिली.

“त्या वेळचा राजा म्हणजे आजचं शासन,” मी म्हणाले. “गुरुजी म्हणजे तुमच्या बाई. गाठ नसलेली मुलगी तू. काठी लपवणारा प्रधान म्हणजे... बहुतेक मी. आणि निरीक्षक तेच, जे पुढे बुद्ध झाले. त्या जन्मी त्यांनी सत्याची पारमिता, म्हणजे सत्याचं व्रत, पूर्ण केली.”

केतकीने वही ओढली, सोमवारची ओळ वाचली.

“खोडरबर दे,” ती म्हणाली. “आजी अकोल्याला असते, हे बाईंना माहीत आहे.”