हलव्याचा मुकुट

निवृत्त मामलेदार आप्पासाहेब दिघे यांच्या घरात त्यांच्या हुकमाशिवाय सहलसुद्धा ठरत नसे. एकदा त्यांची सून वृंदा हिनं चिमुकल्या जुळ्यांना नव्या बालउद्यानात न्यायचा बेत मांडला. तिथं म्हणे ढगांच्या आकाराच्या होड्या संथ पाण्यावर तरंगत असतात.

"अजिबात नाही!" आप्पा गरजले. "एवढ्याशा पोरांच्या काय लक्षात राहणार? सगळं वाया!"

जुळी झोपाळ्यावर पेंगत होती. वृंदानं हलकेच झोका दिला. "आप्पा, तुमचं बोरन्हाण कसं झालं होतं हो?"

आप्पांचे डोळे आपोआप मिटले. "अहाहा! डोक्यावर हलव्याचा मुकुट. वरून बोरं, चुरमुरे, बत्तासे पडताहेत, जणू आभाळच गोड झालंय. आणि आई नुसती हसतेय..."

"केवढे होता तेव्हा?"

"असेन वर्षाचा."

"मग एवढं आठवतं कसं?"

"आठवतंय कुठलं! आई झोपवताना सांगायची," आप्पा बोलून गेले.

"तेच म्हणते मी. पोरांनी फक्त हरखायचं. लक्षात ठेवायचं काम मोठ्यांचं."

झोपाळा करकरत राहिला. पेंगणाऱ्या जुळ्यांकडे पाहत आप्पा हळूच म्हणाले, "मग त्या होडीत मीही बसणार. यांना झोपवताना सांगायला कुणीतरी नको का?"